काडतुसांची वंशावळ, नोंद चौथी: एक बाप खोडला

गेल्या खेपेला मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की जर्मन ७.९२×३३ कुर्त्स हा रशियन ७.६२×३९ चा बाप. (पहिला आकडा नळीचं माप, दुसरा पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची लांबी; दोन्ही मिलिमीटरमध्ये.) ते मागे घेतो.

झालं असं, की सुट्टीत तक्त्यांतल्या मापांवरून बारा काडतुसांच्या आकृत्या पाचपट मोठ्या करून ट्रेसिंग पेपरवर काढल्या. (शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात, म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा घरात नको. माझा सगळा संसार कागदावरचा.) मग बुडाशी बूड जुळवून दोन-दोन कागद खिडकीच्या काचेवर धरले.

आधी १८८८ चं जर्मन काडतूस आणि त्यावर कुर्त्स. बुडाशी दोन्हींची रेघ एकच. माग्देबुर्गच्या पोल्टे कंपनीने पुंगळी ५७ मिलिमीटरवरून ३३ वर आणली, बुडाला हात लावला नाही. आता कुर्त्सवर रशियन ठेवलं, तर पाचपट आकृतीत दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटरची फट! रिम, म्हणजे बुडाची कड, जर्मनाची ११.९५ मिलिमीटर, रशियनाची ११.३५. पेन्सिल जाड होती म्हणून सोडून द्यावी एवढी ही फट लहान नाही. १९४३ मध्ये जर्मन काडतूस रशियनांसमोर होतं, आखूड काडतुसाच्या कल्पनेला तिथून जोर मिळाला, हे मान्य. पण हे शेजाऱ्याचं बघून बांधलेलं घर झालं, वडिलोपार्जित नव्हे. सलग रेघ खोडून तुटक केली.

बारा मिलिमीटरच्या बुडाचं घराणं मात्र या वेळी भक्कम झालं. १८९८ मध्ये क्यूबात सान हुआन टेकडीवर स्पॅनिश सैनिकांच्या ७×५७ माउझरने अमेरिकनांना चांगलाच हिसका दाखवला. अमेरिकनांचं स्वतःचं क्रॅग रायफलीचं काडतूस रिमवालं, म्हणजे बुडाची कड बाहेर आलेलं होतं. ते सोडून त्यांनी बिनरिमचं .३०-०३ आणि १९०६ मध्ये .३०-०६ घेतलं. खिडकीत धरल्यावर .३०-०६ चं बूड १८८८ च्या जर्मनावर तंतोतंत बसतं, खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तिथे, जेमतेम केसभर रुंद होतं. अमेरिकेने माउझरला दोन लाख डॉलर मोजले, ही गोष्ट पुरावा म्हणून नेहमी सांगतात. पण ते रायफल आणि क्लिपच्या पेटंटचे होते, पुंगळीचे नव्हेत. मीही यात दोनदा फसलोय. पुढे १९२० चं .३०० सॅव्हेज, तिथून १९५४ चं नाटोचं ७.६२×५१. सहासष्ट वर्षं, बूड तेच.

बूड का टिकतं, ते फ्रान्सच्या लेबेल रायफलीच्या काडतुसावरून कळतं. पॉल व्हिएलची धूरविरहित दारू १८८४ ची. युद्धमंत्री बुलांजे यांना नवी रायफल ताबडतोब हवी होती, मग नवं यंत्र कोण बसवणार? जुन्या ११ मिलिमीटर ग्रा रायफलीच्या पुंगळीचं जाडजूड बूड ठेवलं आणि वरचा भाग ८ मिलिमीटरवर आवळला. कागदावर ही पुंगळी बघण्यासारखी आहे: खाली ढेरी, मग तीव्र उतार, मग परत खांदा. शोशा मशीनगनचं अर्धचंद्राकृती मॅगझिन याच उताराची देणगी. मला तर बारा कागदांतला हाच सगळ्यात आवडला. वंश इथे मापात नाही, घाईत दिसतो.

स्वीडिश ६.५×५५ ने मात्र डोकं खाल्लं. माउझर रायफलीत चाललं म्हणून मी त्याला बिनदिक्कत त्याच घराण्यात घातलं होतं. पण रिम १२.२० आहे, आणि काडतूस ठरवलं ते स्वीडन-नॉर्वेच्या संयुक्त आयोगाने. नॉर्वेने ते क्रॅगमध्ये वापरलं. तूर्त त्याला दत्तक म्हणून बाजूला बसवलंय.

पुढच्या खेपेला ब्रिटिश .३०३. आपल्याला ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ठशामुळे घरचं वाटतं, पण माग काढत गेलं की स्वित्झर्लंडमधल्या थूनला, एडुआर्ड रुबिनच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. कागद कापून ठेवलाय, रिमसाठी या वेळी जरा रुंद.