मातीतला जिवाणू नवीन आहे हे सिद्ध करताना

काळ्या मातीतल्या एका फिकट गुलाबी जिवाणूची नवी प्रजाती म्हणून नोंद करताना आमचा सगळ्यात जास्त वेळ शुद्ध कल्चर (फक्त त्याच एका जिवाणूची वाढ) मिळवण्यात गेला.

१० ग्रॅम माती ९० मिली सलाइनमध्ये (०.८५ टक्के) हलवून दसपट पातळ करत नेली. दहा हजारपट आणि लाखपट पातळ केलेल्यातलं ०.१ मिली आरटूए अगार या कमी पोषणाच्या माध्यमावर पसरलं. बुरशी रोखायला माध्यमात सायक्लोहेक्सिमाइड, लिटरला ५० मिलिग्रॅम. पौष्टिक माध्यम इथे नकोच. त्यावर बॅसिलस दोन दिवसांत पसरतो आणि सावकाश वाढणारे दबून जातात. २८ अंशांवर, पिशवीत गुंडाळून प्लेट तीन-चार आठवडे ठेवाव्यात. टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती कधी कधी तिसऱ्या आठवड्यात दिसतात. पहिल्याच आठवड्यात प्लेट टाकून देणं हा मोठा तोटा आहे. मग स्ट्रीकिंग (एकच वसाहत उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढणं) निदान तीनदा, आणि २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठा.

जिवाणूची ओळख पटवायला १६एस हे जनुक वाचतात. पीसीआरने त्याच्या प्रती काढायला २७एफ आणि १४९२आर प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) वापरले. जाड पेशीभित्तीच्या जिवाणूंची वसाहत थेट पीसीआरमध्ये टाकली तर अनेकदा बँड येत नाही, म्हणजे प्रती तयारच होत नाहीत. आधी भित्ती फोडणारं लायसोझाइम द्यावं. ब्लास्ट या शोधसाधनात वरती बऱ्याचदा 'अनकल्चर्ड' (प्रयोगशाळेत न वाढवलेल्या जिवाणूंच्या) नोंदीच येतात, म्हणून तुलना इझीबायोक्लाउड या डेटाबेसवर, टाइप स्ट्रेनशी (प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी). साम्य ९८.७ टक्क्यांखाली आलं तर नवी प्रजाती असण्याची शक्यता भक्कम. त्यावर आलं म्हणून जुनीच, असं मात्र नाही: बॅसिलस सबटिलिसच्या गोतावळ्यात ९९ च्या वर साम्य असूनही प्रजाती वेगळ्या आहेत. निकाल जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, देतो. दोन जीनोममधलं साम्य मोजणारे दोन आकडे आहेत: एएनआय ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवा, डिजिटल डीडीएच ७० च्या खाली. जीनोममधलं १६एस आधी पीसीआरनंतर सँगर पद्धतीने वाचलेल्या क्रमाशी ताडून पाहाच. जुळलं नाही तर भेसळ आहे किंवा नळ्यांची अदलाबदल झाली आहे.

प्रजातीच्या वर्णनात पेशीतल्या फॅटी अॅसिडची तुलनाही द्यावी लागते; त्यासाठी जवळच्या प्रजातींचे आकडे जुन्या शोधनिबंधांतून उचलू नयेत. माध्यम, तापमान, कल्चरचं वय बदललं की प्रमाण बदलतं. जवळच्या प्रजातींचे टाइप स्ट्रेन मागवून शेजारी शेजारीच वाढवावे लागतात.

नव्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा करायचा, उदाहरणार्थ पुण्याचं एनसीएमआर आणि जर्मनीचं डीएसएमझेड. जमा केल्याच्या प्रमाणपत्रांना वेळ लागतो, म्हणून जीनोम सिक्वेन्सिंगला पाठवतानाच अर्ज करावा. सोबत माध्यम, तापमान आणि वसाहत दिसायला लागणारे दिवस स्पष्ट लिहावेत, नाहीतर सावकाश वाढणारा जिवाणू संग्रहात मेलेला समजला जाऊ शकतो.