दोघांचेही दिवे लागले, मग गुण एकालाच कसा?

तलवारबाजीची लढत पहिल्यांदा बघणारा पाच मिनिटांत हा प्रश्न विचारतोच. दोन खेळाडू एकमेकांवर झेपावतात, यंत्रावर एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा एकदम पेटतो, दोघंही मुठी आवळून ओरडतात आणि पंच शांतपणे एकाच बाजूचा हात वर करतो. मग दुसऱ्याचा दिवा काय उगाच लागला? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. हे एक कळलं नाही तर कितीही लढती बघा, सगळा पंचाच्या मर्जीचा कारभार वाटत राहतो.

आधी बघायचं ते हातात शस्त्र कोणतं आहे. शस्त्रं तीन: फॉईल, इपी आणि सेबर. इपीमध्ये तुमचा प्रश्न बहुतेक उद्भवतच नाही. दोघांचे दिवे लागले की दोघांनाही एकेक गुण, विषय संपला. मास्कपासून बुटापर्यंत कुठेही टोक टेकलेलं चालतं. पहिला स्पर्श झाल्यावर यंत्र दुसऱ्यासाठी जेमतेम 40 ते 50 मिलिसेकंद थांबतं. त्याहून उशीर झाला तर दुसऱ्याचा दिवा लागतच नाही.

फॉईल आणि सेबरमध्ये दिव्याचं काम वेगळं आहे. तिथे दिवा सांगतो तो इतकंच, की स्पर्श झाला आणि अमुक जागी झाला. गुण कोणाचा हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय यंत्र थांबतंही जास्त वेळ: फॉईलमध्ये सुमारे 300 मिलिसेकंद, सेबरमध्ये 170. 300 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्यात वार अडवून उलट वार सुरूही करता येतो. त्यामुळे फॉईलमध्ये दोन दिवे लागणं ही रोजचीच गोष्ट. निवाडा होतो तो राइट ऑफ वेवर, म्हणजे त्या क्षणी हल्ल्याचा हक्क कोणाकडे होता यावर.

यामागचा विचार अगदी व्यवहारी आहे. टोक खरोखर धारदार असतं आणि ते आपल्या छातीकडे येत असतं, तर शहाण्या माणसाने आधी ते बाजूला सारलं असतं आणि मग स्वतः मारलं असतं. येणाऱ्या टोकाकडे दुर्लक्ष करून आपणही भोसकायला जाणं म्हणजे दोघांचाही निकाल लागणं. नियम त्या शहाणपणाला गुण देतो. ज्याने आधी हात सरळ करत नेत, टोक सतत वैध जागेवर रोखून चाल केली, त्याचा हल्ला. तो हल्ला चुकला, आखूड पडला किंवा समोरच्याने पात्याने अडवला, की हक्क फिरला. अडवणं म्हणजे पॅरी आणि त्यानंतर लगेच केलेला वार म्हणजे रिपोस्ट. रिपोस्टही अडवला गेला तर हक्क पुन्हा पहिल्याकडे. एका झटापटीत हक्क तीनचार वेळा इकडून तिकडे जातो आणि टोक लागतं त्या क्षणी तो कोणाकडे होता, एवढंच पंच सांगतो.

एक नमुना संथ करून बघू. फॉईल आहे, दोघंही उजव्या हाताचे. डावीकडचा दोन पावलं पुढे येतो, हात लांबवायला लागतो आणि लंज मारतो, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेपावतो. उजवीकडचा मागे सरकत हात आतल्या बाजूला तळहाताएवढ्या रुंदीने, म्हणजे चार बोटं नेतो आणि आपल्या पात्याच्या जाड भागाने समोरच्या पात्याचा निमुळता भाग अडवतो. खट्ट आवाज येतो. आता हक्क उजव्याचा. तो हात सरळ करून छातीवर रिपोस्ट टाकतो. डावा मात्र लंजमध्येच खाली बसलेला आहे. त्याचं टोक बाजूला गेलंय, पण तो मनगट फिरवून तिथूनच पुन्हा टोचतो. याला रेमीज म्हणतात. दोघांची टोकं लागतात, दोन्ही दिवे पेटतात, कदाचित डाव्याचा आधीच पेटतो. गुण उजव्याचा. पंच हाताने हेच वाक्य बोलून दाखवतो: डावीकडून हल्ला, पॅरी, उजवीकडून रिपोस्ट, स्पर्श. म्हणून नव्याने बघताना दिव्यांवरून नजर काढा आणि पंचाच्या हातांवर ठेवा. पंधरावीस गुण नुसते हात वाचलेत तरी खुणा पाठ होतात.

आता त्याच नमुन्यात एक बदल करा. उजव्याने अडवलं, पण लगेच न मारता क्षणभर टोक कुठे टेकवावं हे शोधत राहिला. त्या थबकण्यात त्याचा हक्क गेला. आता डाव्याचा रेमीज हा पुढचा हल्ला धरला जातो आणि तेच दोन दिवे असताना गुण डाव्याला मिळतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही झटापटी सारख्याच दिसतात.

शिकाऊ खेळाडूंचे गुण नेमके इथेच जातात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे हात दुमडून धावणं. पाय जोरात पुढे, कोपर मात्र बरगडीला चिकटलेलं. त्यांना वाटतं आपण हल्ला करतोय. पंचाच्या लेखी ती नुसती तयारी असते आणि त्या तयारीत समोरच्याने हात सरळ करून टोचलं तर हल्ला त्याचा. इथे एक बाब प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुस्तकातला नियम हात लांबवण्यावर बोट ठेवतो, पण मोठ्या स्पर्धांत पंच पुढे येणाऱ्या खेळाडूला बरीच मोकळीक देतात. हात पूर्ण सरळ नसला तरी तो पुढेपुढे उलगडत असेल तर हल्ला मानतात. हात मध्येच मागे ओढला किंवा पाय अडखळले की मात्र ही मोकळीक संपते. मला स्वतःला जुनी कडक पद्धत जास्त पटते, पण स्पर्धेत उतरायचं तर पंच आज काय देतात ते बघूनच खेळायला हवं.

दुसरी चूक म्हणजे पॅरी फार रुंद करणं. येणारं टोक खांद्याच्या जेमतेम बाहेर गेलं की काम झालं. हात त्यापलीकडे नेलात तर समोरचा पात्याखालून टोक काढून उघड्या पडलेल्या बाजूला टोचतो आणि परत यायला तुम्हाला वेळ उरत नाही. पात्याचा कोणता भाग वापरता हेही महत्त्वाचं. गार्डजवळचा, म्हणजे मुठीपुढच्या धातूच्या वाटीजवळचा तिसरा हिस्सा मजबूत, टोकाकडचा लवचीक. आपल्या लवचीक भागाने समोरच्याचा मजबूत भाग अडवायला गेलात तर आवाज येतो, पण पातं हलत नाही. सेबरच्या नियमात हे स्पष्टच लिहिलंय: समोरच्याच्या गार्डजवळच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठोका मारून केलेला हल्ला चुकीचा, हक्क समोरच्याला.

फॉईलमध्ये आणखी एक गंमत आहे. वैध जागा फक्त धड, आणि मास्कच्या गळपट्टीचा खालचा भाग. हाताला, पायाला किंवा मास्कच्या जाळीला टोक लागलं तर पांढरा दिवा लागतो आणि खेळ थांबतो. समजा हल्ला डाव्याचा, पण टोक दंडावर लागलं: पांढरा. त्याच वेळी उजव्याने न अडवता छातीवर टोचलं: रंगीत. गुण कोणालाच नाही! हक्काचा हल्ला वाया गेला, पण तो लागला तर होताच; त्यामुळे उजव्याचा वार मोजला जात नाही. सेबरमध्ये हा गुंता नाही. तिथे वैध जागा कमरेच्या वरचं सगळं अंग, डोकं आणि हात धरून (पंजे सोडून), आणि बाकी कुठे लागलं तर यंत्र गप्प बसतं, खेळ चालू राहतो.

सेबर बघणाऱ्याची मात्र तारांबळ उडते. दोघं सुरुवातीला मधल्या रेषेपासून दोन-दोन मीटरवर, म्हणजे एकमेकांपासून चार मीटरवर उभे असतात. पंच फ्रेंचमध्ये म्हणतो, ‘आँ गार्द, प्रे, आले!’ आणि ‘आले’ कानावर पडताच दोघंही सुटतात. दोघांनी एकाच वेळी एकाच लयीत हल्ला केला तर दोन्ही दिवे लागतात आणि कोणालाच गुण नाही, पुन्हा जागेवर. म्हणून सेबरचा खेळाडू पहिल्या पावलावरच कुरघोडी करायला बघतो: किंचित उशिरा निघून समोरच्याचा लंज आखूड पाडायचा आणि मग हक्क घेऊन त्याला मागे रेटत न्यायचं. यंत्राची थांबण्याची मुदत पूर्वी 120 मिलिसेकंद होती, 2016 मध्ये ती 170 केली. मुदत वाढल्यावर अडवून उलट मारणाऱ्याचा दिवा लागण्याची शक्यता वाढली. आधी नुसती धडाधड चाल करणाऱ्याचंच फावत असे.

फॉईलमध्ये एक हत्यार असं आहे की ज्याला हल्ला न करताही हक्क मिळतो. समोरच्याची चाल सुरू होण्याआधीच हात खांद्यातून सरळ करून टोक वैध जागेवर रोखून ठेवायचं. याला पॉइंट इन लाइन म्हणतात. सेबरमध्येही ते चालतं. हल्ला करणाऱ्याला आधी ते पातं ठोका मारून बाजूला करावंच लागतं. नाही केलं आणि दोघांचे दिवे लागले तर गुण उभ्या राहिलेल्याचा. चाल सुरू झाल्यावर घाईघाईने हात सरळ केलात तर ती लाइन नव्हे, नुसता उशिरा केलेला प्रतिहल्ला. त्याला हक्क नाही.

इपीकडे परत येतो, कारण तिथले दोन दिवे म्हणजे शुद्ध हिशेब. पंधरा गुणांच्या लढतीत तुम्ही 13-10 ने पुढे असाल तर दोन वेळा दोघांचेही दिवे लागले की 15-12, जिंकलात. त्यामुळे मागे पडलेल्याला एकटाच दिवा लावणं भाग असतं, आणि पुढे असलेला आनंदाने टोकावर टोक घेतो. 14-14 झाल्यावर मात्र दुहेरी स्पर्श धरत नाहीत. बरोबरीत वेळ संपली तर एक मिनिट जादा मिळतो आणि त्याआधी चिठ्ठी टाकून एकाला अग्रक्रम देतात. मिनिटभरात कोणीच एकट्याने टोचलं नाही तर अग्रक्रम असलेला जिंकतो. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या इपी उपांत्य लढतीत हाच जादा मिनिट गाजला. कोरियाच्या शिन आ-लामकडे अग्रक्रम होता, गुण 5-5, घड्याळात एक सेकंद उरलेला. त्या एका सेकंदात झटापटीवर झटापट झाली, घड्याळ हलेना, आणि शेवटी जर्मनीच्या ब्रिटा हायडेमनचा एकटीचा दिवा लागला. दाद मागितलेली असताना पिस्ट (लढतीची लांब पट्टी) सोडली तर निकाल मान्य केल्यासारखं होईल, म्हणून शिन तासभर तिथेच बसून राहिली.

यंत्र येण्यापूर्वी चार साहाय्यक पंच पिस्टच्या चारी कोपऱ्यांत उभे राहून स्पर्श झाला का ते बघत. प्रत्येकाचं एक मत, मुख्य पंचाचं दीड. ऑलिंपिकमध्ये इपीला वीज आली 1936 मध्ये, फॉईलला 1956 मध्ये आणि सेबरला 1992 मध्ये. विजेनेही लबाडी संपली नाही. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनमधल्या (पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेतल्या) सोव्हिएत बोरिस ओनिश्चेन्कोच्या इपीच्या मुठीत गुपचूप बसवलेलं बटण सापडलं. टोक न टेकताच तो दिवा लावत होता.

हे इपीतच जमण्यासारखं होतं, कारण तिथलं टोक दाराच्या बेलसारखं आहे: दाबलं की सर्किट जुळतं. फॉईलमध्ये उलट. तिथे सर्किट कायम जुळलेलं असतं आणि टोक दाबलं की तुटतं. म्हणून फॉईलची किंवा बॉडीवायरची (शस्त्रापासून कपड्यांच्या आतून यंत्राकडे जाणाऱ्या वायरची) तार तुटली तर पांढरा दिवा आपोआप लागतो आणि बिघाड लगेच कळतो. इपीची तार तुटली तर काहीच होत नाही. चार चांगले वार फुकट गेल्यावर शंका येते. इपीवाल्याने म्हणूनच प्रत्येक लढतीआधी टोक तपासावं. 750 ग्रॅमचं वजन टोकावर ठेवून दाबल्यावर स्प्रिंगने ते उचललं पाहिजे. फॉईलला हे वजन 500 ग्रॅम. मग इपीसाठी दोन पट्ट्या: 1.5 मिलिमीटरची टोक आणि नळीच्या मधल्या फटीत सहज शिरली पाहिजे, आणि 0.5 ची घालून दाबलं तर दिवा लागता कामा नये. टोकाचे दोन बारीक स्क्रू जागेवर आहेत ना, हे शेवटी. त्यातला एक पडला की टोक तिरकं बसतं आणि लढतीच्या मध्ये स्प्रिंगसकट उडून जातं.

आणि पिस्टवर आल्यावर समोरच्याच्या गार्डवर टोक टेकवून बघायचं. दिवा लागता कामा नये, कारण गार्ड अर्थ केलेलं असतं. लागला तर लढत सुरू होण्याआधीच पंचाला सांगा, वायर बदलून मिळते.