श्वार्त्सेनबेर्गला ‘विंटररायझ’ ऐकायला जाताना

ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टची गाणी, विशेषतः त्याचा ‘विंटररायझ’ (हिवाळी प्रवास) हा गीतसंच, ऐकायला कुठे जावं असं कोणी विचारलं, तर मी व्हिएन्नाआधी श्वार्त्सेनबेर्गचं नाव घेतो. ऑस्ट्रियाच्या पार पश्चिमेला, फोरार्लबेर्ग प्रांतातलं हे डोंगरातलं छोटं गाव. गायक हेर्मान प्राय यांनी 1976 साली जवळच्या होहेनएम्सला ‘शुबर्टियाडे’ महोत्सव सुरू केला. 2001 पासून त्याची उन्हाळी मैफल श्वार्त्सेनबेर्गला भरते, साधारण जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस. सभागृह लाकडी, खुर्च्या सुमारे 600. एक जण गाणार, एक जण पियानोवर, मायक्रोफोन नाही. या गाण्यांना यापेक्षा मोठी जागा मानवत नाही, कारण अर्धं गाणं गायकाच्या अगदी हलक्या आवाजात असतं.

जाण्याचा सोपा रस्ता ऑस्ट्रियातून नाही, स्वित्झर्लंडमधून आहे. झ्युरिक विमानतळालाच रेल्वे स्टेशन आहे. तिथून म्युनिकला जाणारी युरोसिटी रेल्वे थेट ब्रेगेन्त्सला उतरवते. तिथून डोर्नबिर्न लोकलने दहाएक मिनिटं. पुढे बस. बोडेलेच्या खिंडीतून जाणारी बस निवडा. डोर्नबिर्नपासून सातशे मीटर चढते आणि पलीकडे हिरव्या कुरणांत उतरते. वळणं घाटासारखी आहेत, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं. या मार्गावर फेऱ्या कमी आहेत. बस चुकली तर एग गावावरून वळसा घालून येता येतं, पण वेळ जातो, म्हणून मैफलीच्या दिवशीच पोचायचा बेत करू नये. व्हिसाचंही लक्षात ठेवा: विमान झ्युरिकला उतरत असलं तरी रात्री जास्त ऑस्ट्रियात काढणार असाल, तर शेंगेनचा अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायचा.

गावात बघायला फार नाही आणि ते बरंच आहे. चौकाभोवती लाकडी घरं, भिंतींवर लाकडाच्या खवल्यांचं आवरण. चर्चमध्ये मात्र जरूर डोकवा. आंगेलिका काउफमान या चित्रकर्तीच्या वडिलांचं हे गाव. 1757 मध्ये, सोळा वर्षांची असताना, तिने इथल्या भिंतींवर येशूचे शिष्य रंगवले. सभागृहालाही तिचंच नाव आहे. बऱ्याच दिवशी दुपारी 4 ला एक आणि रात्री 8 ला दुसरी मैफल असते. मधल्या वेळात सगळं सभागृह एकदमच जेवायला निघतं आणि गावातली खाणावळ तेवढ्यांना पुरत नाही. टेबल सकाळीच सांगून ठेवावं. केझक्न्योप्फ्ले, म्हणजे चीजमध्ये घोळवलेले पिठाचे छोटे गोळे, इथली खासियत. पण संध्याकाळच्या मैफलीआधी अर्धीच प्लेट घ्या. पोट जड झालं की सलग सव्वा तास एकाग्र बसणं कठीण जातं.

सव्वा तास, कारण ‘विंटररायझ’ला मध्यंतर नसतं. विल्हेल्म म्युलरच्या 24 कविता, 1827 साली शुबर्टने बांधलेल्या. प्रेमात हरलेला एक तरुण हिवाळ्याच्या रात्री गाव सोडून निघतो, एवढीच कथा. पहिली बारा गाणी जानेवारी 1828 मध्ये छापून आली. दुसऱ्या भागाची प्रुफं शुबर्टने अंथरुणावरून तपासली आणि 19 नोव्हेंबरला तो गेला. तो भाग डिसेंबरमध्ये निघाला.

जर्मन येत नसेल तर तयारी घरीच करायची. चोवीसही कवितांचा अर्थ आधी वाचून प्रत्येकीचा गाभा एकेका ओळीत लिहून काढावा: लिंडनचं झाड, गोठलेली नदी, पोस्टाची गाडी, कावळा, गावाबाहेरचा म्हातारा. तो एक कागद मांडीवर पुरतो. पूर्ण मजकूर घेऊन बसलात तर डोळे कागदावर राहतात. शिवाय पान उलटायची वेळ नेमकी गाणं संपून पियानो एकटा उरतो तेव्हा येते. दोनतीनशे जणांनी एकदम पानं उलटली की तो शेवटचा भाग कोणालाच ऐकू येत नाही.

आणि त्या शेवटच्या भागासाठीच तर यायचं. पियानो इथे मागे राहून साथ करत नाही, अर्धी गोष्ट तोच सांगतो. पहिल्या गाण्यात, ‘गुटे नाख्ट’ (शुभ रात्री) मध्ये, पियानोचे सारखे पडणारे स्वर म्हणजे चालणाऱ्याची पावलं. हस्तलिखितात शुबर्टने लयीची सूचनाच ‘चालत्या गतीने’ अशी लिहिली आहे. वादकाने इथे भावुक होऊन लय सैल सोडली की माणूस चालायचाच थांबतो आणि पुढची तेवीस गाणी लंगडतात. शेवटच्या कडव्यात मायनरचं मेजर होतं, म्हणजे उदास स्वरावली उजळ होते. तो झोपलेल्या मुलीची झोप न मोडता दारावर निरोप लिहितो, तिथे. चांगला गायक त्या जागी आवाज वाढवत नाही, आणखी कमी करतो.

‘आउफ डेम फ्लुसे’ (नदीवर) हे सातवं गाणं नीट ऐका. नदी गोठली आहे, तो बर्फावर अणकुचीदार दगडाने नाव कोरतो. शेवटी मूळ चाल पियानोच्या डाव्या हातात जाते आणि गायक तिच्यावर तुटक प्रश्न विचारत राहतो. वरच्या बर्फाखाली वाहणारं पाणी म्हणजे तो डावा हात. इथेच बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या आवाजाच्या गायकांची अडचण होते. शुबर्टने हा संच उंच आवाजासाठी लिहिला. बॅरिटोन तो एक-दीड स्वर खाली उतरवून गातात. गळ्याला ते सोयीचं, पण डाव्या हाताची ती चाल पियानोच्या खर्जात जाऊन गढूळ होते. जाणता वादक तिथे स्वर लांबवणारं पेडल जवळजवळ सोडून देतो. म्हणून मी टेनरची, म्हणजे उंच आवाजाच्या गायकाची, आणि बॅरिटोनची, दोन्ही तिकिटं मिळाली तर दोन्ही घ्यावीत असं म्हणेन.

एकविसाव्या ‘डास विर्ट्सहाउस’ (खाणावळ) मध्ये धोका उलटा आहे. सूचना ‘अतिसंथ’ अशी आहे आणि वादकाला ती आणखी ताणायचा मोह होतो. मग गायकाचा श्वास ओळीच्या मध्येच संपतो, ओळ तुटते. अशा वेळी दोघांनी किती तालीम केली आहे ते लगेच कळतं.

शेवटचं ‘डेर लायरमान’, म्हणजे लायर हे हँडल फिरवून वाजवायचं तारवाद्य वाजवणारा म्हातारा. डाव्या हातात सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच पोकळ पंचम, आपल्या तानपुऱ्यातल्या षड्ज-पंचमासारखा. पहिल्या दोन मापांत, म्हणजे तालाच्या दोन आवर्तनांत, त्याला खालून एक बेसूर कण लागतो, वाद्य अजून सुरात यायचं असल्यासारखा. उजवा हात छोटासा तुकडा वाजवून थांबतो, मग गायक एक ओळ म्हणतो. दोघं जवळजवळ कधीच एकत्र येत नाहीत. बर्फावर अनवाणी उभा असलेला म्हातारा, रिकामी थाळी, गुरगुरणारी कुत्री, आणि अखेर त्यालाच विचारलेला प्रश्न: मी तुझ्याबरोबर येऊ का? इथे गायकाने नाट्य केलं तर सगळं हातचं जातं.

टाळ्या फक्त संचाच्या अखेरीस. गाण्यांमधे खोकायला मिळते ती फटही छोटी, कारण काही गाणी एकमेकांना लागूनच सुरू होतात. खोकल्याच्या गोळीचं वेष्टन आधीच काढून ठेवा. उशिरा आलात तर मध्यंतर नसल्याने आत घ्यायची संधीच उरत नाही. ‘विंटररायझ’नंतर जादा गाणं मागू नये, बहुतेक कलाकार ते देतही नाहीत.

खुर्ची मधल्या रांगांत, मध्यापासून थोडी डावीकडे घ्यावी. वादकाचे हात दिसतात, आणि तो गायकाच्या श्वासाकडे कसं लक्ष ठेवतो तेही कळतं. अगदी पुढे बसलात तर पियानो अंगावर येतो. तिकिटं महोत्सवाच्या संकेतस्थळावरून बऱ्याच आधी घ्यावी लागतात, आणि ‘विंटररायझ’ची संध्याकाळ सगळ्यात आधी भरते. नाही मिळाली तरी मैफलीच्या दिवशी परत आलेल्या तिकिटांसाठी खिडकीवर जरूर विचारा. मुक्काम गावातच जमला तर उत्तम. डोर्नबिर्नला राहणार असाल, तर रात्री साडेनऊनंतरची परतीची बस तिकीट काढण्याआधीच वेळापत्रकात पाहून घ्या, कारण डोंगरात त्या वेळी टॅक्सी सहज मिळत नाही.