रात्रगस्त आणि चकवा : चित्रीकरणाची चौथी नोंद

31 पैकी 19 शॉट झाले. उरलेले सगळे रस्त्यावरचे, रात्रीचे. गोष्ट तीच: 1994, नागपूरबाहेरचं एक ग्रामीण ठाणं, मर्गाच्या (अकस्मात मृत्यूच्या) जागेवरून परतणारी जीप आणि तीनदा आडवा येणारा एकच मैलाचा दगड. (नागपूर शहरातला झिरो माईलचा दगड घ्यायचा मोह आवरला. ओळखीच्या चौकात चकवा, म्हणजे वाट फिरवून पुन्हा त्याच जागी आणणारं भूत, लागत नाही.) काळ मागे नेला, कारण खिशात मोबाइल आला की चकवा तिथेच संपतो.

सर्वांत जास्त चुका कागदांत निघाल्या. अकस्मात मृत्यूची चौकशी तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायची. पहिल्या मसुद्यात 194 पडलं होतं. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनचं. स्टेशन डायरी हातानं लिहिलेली, वेळ 24 तासांची. नोंद क्रमांक 4, 5, 6 असे पुढे सरकतात, वेळ मात्र तिन्हींपुढे 02.10. हस्ताक्षर एकाच अंमलदाराचं हवं, नाहीतर कुणीतरी चावटपणा केला असं वाटतं. याहून स्वस्त भूत नाही. पण आधीची दोन पानं चोख असतील तरच ते अंगावर येतं. खांद्यावर निरीक्षकाला तीन तारे, उपनिरीक्षकाला दोन. फीत दोघांनाही तांबडी-निळी. जीपची पाटी एमएच 31, हातानं रंगवलेली.

दगड थर्माकोलचा: 4 इंची तीन थर, उंची 30 इंच. स्प्रे थेट मारला की थर्माकोल विरघळून खड्डे पडतात, कारण त्यातला थिनर. म्हणून आधी फेविकॉल आणि वर्तमानपत्राचे दोन थर, पूर्ण वाळल्यावर प्लास्टिक इमल्शन. राज्यमार्ग आहे, म्हणून माथा हिरवा. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा. तळात दोन विटा, नाहीतर ट्रक गेला की दगड आडवा.

उजेडाचं गणित अजून पूर्ण सुटलेलं नाही. तेव्हाचे दिवे सोडियमचे, आताचे पांढरे एलईडी. म्हणून बिनदिव्याचा रस्ता धरला आणि आपल्या एलईडीवर फुल सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) दोनदा लावलं. रंग जुळला, तरी खोटं दिसतं! सोडियमचा उजेड जवळपास एकाच रंगाचा असतो, त्यात खाकी, कातडी पिवळट आणि रक्त तपकिरी-काळं दिसतं. एलईडीत लाल रंग जिवंत राहतो. उपाय: ग्रेडिंगमध्ये (नंतर संगणकावर रंग जुळवताना) लाल आणि हिरव्याचं सॅच्युरेशन, म्हणजे गडदपणा, जवळपास शून्यावर, आणि नकली रक्तात कॉफी घालून ते आधीच गडद करणं. ठाण्यातल्या ट्यूबलाइटखाली 25 फ्रेम आणि शटर 1/50 च ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची. 1/60 वर पट्टे सरकताना दिसतात.

मशीनचा धूर जमिनीलगत बसत नाही. डांबर रात्री अकरालाही तापलेलं असतं, धूर लगेच वर उठतो. थर्माकोलच्या पेटीत 8-10 किलो बर्फ भरून त्यातून पाइप काढला तर थंड धूर घोट्याइतकाच राहतो. तोही दोन-तीन मिनिटं, वारा नसेल तर.

आवाजाचं थोडक्यात: मे महिन्यात ठाण्याचा सेट घरात लावू नका, शेजारचा कूलर प्रत्येक संवादाखाली घरघरतो. वायरलेस संच नुसता रिकामा डबा. बोलणं नंतर 300 ते 3000 हर्ट्झमध्ये कापून बसवायचं, शेवटी अर्धा सेकंद खरखर.

पुढच्या खेपेला तिसरा दगड. आकडा तोच, 14. फक्त त्यावरचा रंग ओला, हवालदाराच्या बोटाला लागणारा. संवाद एकच ठेवलाय: "साहेब, हा गोटा मघाशीच लागला ना जी?" साहेब उत्तर देत नाहीत, घड्याळ बघतात. ते चावीचं हवं, 02.10 वर थांबवलेलं.