भिंतीला लागला तर दोन

गल्लीतल्या क्रिकेटचे नियम एमसीसी, म्हणजे क्रिकेटचे कायदे करणारा लंडनचा क्लब, ठरवत नाही, गल्लीतल्या भिंती ठरवतात. समोरच्या गच्चीत गेला तर आउट, गटारात गेला तर मारणाऱ्यानेच काढायचा, उजवीकडच्या भिंतीला थेट लागला तर दोन. हा कायदा काही फक्त आपलाच नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात क्लिफ्टन कॉलेज नावाची बडी शाळा आहे. तिच्या एका आडव्यातिडव्या मैदानावर 1899 मध्ये असंच चालायचं. जवळच्या सीमारेषेला चेंडू गेला तर दोनच धावा. एका अंगाला मात्र उतार होता. तिकडे मारला की जितक्या पळाल तितक्या तुमच्या.

या मैदानावर जून महिन्यात शाळेतल्याच दोन हाउसेसचा, क्लार्क्स आणि नॉर्थ टाउनचा, ज्युनिअर सामना होता. क्लार्क्सकडून आर्थर एडवर्ड ज्यून कॉलिन्स नावाचा तेरा वर्षांचा पोरगा सलामीला आला. जन्म आपल्याकडचा, हजारीबागचा. वडील सनदी नोकरीत. शाळेत दाखल होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले होते. तर हा पोरगा खेळायला लागला तो थांबेचना. सामना शाळा सांभाळून व्हायचा, म्हणून डाव तुकड्यातुकड्यांत चालला, चौथ्या दिवसापर्यंत. एकूण खेळला सहा तास पन्नास मिनिटं. धावा 628, नाबाद.

मला त्या आकड्यापेक्षा त्याची फोड जास्त आवडते. एक षटकार, पाच-पाच धावांचे चार फटके, 31 चौकार, 33 तिऱ्या, 146 दुऱ्या आणि 87 एकेरी. बेरीज करून बघा, चोख जुळते. पण गंमत अशी की ती लिहिणाऱ्या स्कोअररलाच म्हणे तिची खात्री नव्हती. 628, वीस इकडे-तिकडे, असं तो म्हणाल्याची आठवण सांगतात. मला हा माणूस एकदम पटतो. शाळकरी पोरांच्या सामन्याची वही भरताना आपण जागतिक विक्रम नोंदवतोय हे त्याला कुठून कळणार? आज तीच वही शाळेत जपून ठेवली आहे.

कॉलिन्सचे कॅचही भरपूर सुटले. सुटणारच. क्षेत्ररक्षकांत एक तर अवघ्या अकरा वर्षांचा होता. आणि दुसऱ्या टोकाला शेवटचा गडी रेडफर्न. या दोघांनी दहाव्या विकेटसाठी 183 जोडल्या, त्यातल्या रेडफर्नच्या 13. आयुष्यभर अकराव्या नंबरला खेळलेला माणूस म्हणून सांगतो, त्या 13 ची किंमत आम्हालाच कळते. पुढे कॉलिन्सने अकरा विकेटही काढल्या आणि क्लार्क्स एक डाव 688 धावांनी जिंकलं. नॉर्थ टाउनच्या पोरांना त्या रात्री जेवण गेलं असेल का, देव जाणे.

आपल्याकडे कॉलिन्सचं नाव घरोघरी पोचलं ते 4 जानेवारी 2016 ला. कल्याणच्या शाळकरी प्रणव धनावडेने दिवसअखेर 652 करून त्याचा विक्रम मोडला आणि दुसऱ्या दिवशी 1009 वर नाबाद राहिला. 129 चौकार, 59 षटकार. लगेच काहींनी नाकं मुरडली: सीमारेषा जवळ होती, समोर पोरंसोरं होती. अहो, कॉलिन्ससमोर तरी कोण होतं? दिवसभर उन्हात उभं राहून कंटाळा न येणं हीच त्यातली खरी करामत. रिक्षावाल्याच्या पोराने ती केली, याचा मला अजून आनंद आहे.

कॉलिन्सने क्रिकेटचा धंदा केला नाही. वूलिचच्या लष्करी अकादमीत गेला, रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. पलटणीकडून हौसेने खेळायचा, लंडनच्या प्रसिद्ध लॉर्ड्स मैदानावरही खेळला, पण प्रथम दर्जाचा एकही सामना त्याच्या नावावर नाही. मेसमध्ये दर नवा लेफ्टनंट त्याला 628 बद्दलच विचारत असणार. तेरा वर्षांचे असताना केलेल्या पराक्रमाबद्दल पंचविशीनंतरही बोलत राहायचं म्हणजे शिक्षाच की.

1914 च्या वसंतात त्याने एथेल स्लेटरशी लग्न केलं. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि पाचव्या फील्ड कंपनीबरोबर तो फ्रान्सला गेला. सॅपर्सचं, म्हणजे या लष्करी इंजिनिअरांचं, काम पूल बांधायचं, खंदक खणायचं. पण नोव्हेंबरात बेल्जियममधल्या ईप्रपाशी माणसंच इतकी कमी पडली, की त्यांच्याही हाती रायफली देऊन त्यांना पायदळासारखं लढवलं गेलं. 11 नोव्हेंबरला जर्मनांच्या प्रशियन गार्ड या निवडक पलटणींचा मोठा हल्ला आला. पॉलिगॉन वुडजवळ खंदकाची बाजू उघडी पडत होती. आणखी माणसं पाठवा अशी खूण करताना कॅप्टन कॉलिन्सला गोळी लागली. सोबत्यांनी त्याला खंदकात ओढून घेतलं, पण तासाभरात तो गेला. वय 29. मृतदेह मिळाला नाही. ईप्रच्या मेनिन गेटवर बेपत्ता सैनिकांची 54 हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, त्यांत त्याचंही आहे. धाकटा भाऊ हर्बर्टही त्याच युद्धात 1917 मध्ये गेला.

एथेलने पुन्हा लग्न केलं नाही. त्या 1966 पर्यंत जगल्या. म्हणजे ब्रॅडमन आले, खेळले, निवृत्त झाले, आणि दर मोठ्या डावानंतर कुणीतरी वर्तमानपत्रात 628 ची आठवण काढली असेल. त्या बाईंनी ती पानं वाचली असतील की उलटून टाकली असतील? मी असतो तर उलटून टाकली असती.