तुम्ही विचारलंत म्हणून : डाव्या हाताला शिक्षा का?

माझ्या एका दीर्घकथेतल्या राज्यात डाव्या हाताने लिहायला बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर सक्तीचा 'सराव', दुसऱ्यांदा सापडलं तर छावणी. ती कथा वाचून लोक हमखास विचारतात, "एवढ्याशा कारणावरून कुठलं सरकार माणसांच्या मागे लागेल? कुणाचंच काही बिघडत नसताना त्यांना छळून सरकारला मिळतं काय?"

हाच प्रश्न मला कित्येक वर्षं छळत होता. म्हणून तर ती कथा लिहिली.

हिटलरच्या जर्मनीत, हॅम्बुर्ग शहरातली काही किशोरवयीन मुलं-मुली १९३० च्या दशकाच्या शेवटी ग्रामोफोनवर स्विंग, म्हणजे नाचाच्या ठेक्याचं जॅझ संगीत लावून नाचायची. मुलगे केस वाढवायचे, इंग्रजी धाटणीचे लांब कोट घालायचे, छत्री घेऊन हिंडायचे. राजकारणाशी त्यांच्यातल्या बहुतेकांना देणंघेणं नव्हतं. ऑगस्ट १९४१ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांच्यापैकी ३०० हून अधिक जणांना पकडलं. जानेवारी १९४२ मध्ये साऱ्या जर्मन पोलिसांचा प्रमुख हिमलर याने आपल्या हाताखालच्या हायड्रिखला पत्र लिहिलं, की म्होरक्यांना दोन-तीन वर्षं छळछावणीत टाका. महायुद्ध पेटलेलं असताना एवढ्या वरच्या माणसाने नाचणाऱ्या पोरांवर पत्र लिहावं! काही मुलगे मोरिंगेनच्या छावणीत गेले, काही मुली उकरमार्कच्या.

बल्गेरियात तर नुसती नावं खुपली. १९८४ च्या अखेरीपासून काही महिन्यांत तिथल्या आठ लाखांहून अधिक तुर्की लोकांना स्वतःची नावं टाकून बल्गेरियन नावं घ्यायला लावली. थडग्यांवरची जुनी नावंसुद्धा खोडली गेली. मेलेल्या माणसाच्या नावाने कुणाला काय धोका होता? १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले.

अशा घटना वाचता वाचता मला जे उमगलं ते सांगते. खरोखर घातक माणूस हुडकायचा तर पुरावा लागतो, हेर लागतात, चूकही होऊ शकते. निरुपद्रवी वेगळेपण मात्र डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. ते कुणालाही पकडता येतं. मग शेजारी, सहकारी, वर्गमित्र, सगळेच पहारेकरी होऊ शकतात, आणि ज्यांच्यात तसं काही नाही ते आपल्यात ते नाही हे दाखवण्यात दिवस घालवतात. सरकारला हवं असतं ते हे. डावा हात हे निमित्त.

हे मला पुस्तकांच्या आधी शाळेत कळायला हवं होतं. मी जन्माने डावखुरी. दुसरीत असताना बाई मला डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायच्या. हाताला मुंग्या यायच्या, उजव्या हाताने काढलेली अक्षरं रेषेवरून घसरायची. बाईंचा राग मी कधीच विसरले. विसरता आली नाही ती शेजारच्या बाकावरची मैत्रीण. बाईंची पाठ वळली की मी हळूच पेन्सिल डाव्या हातात घ्यायचे, आणि ती बोट दाखवून ओरडायची, "बाई, ही बघा!" ती दुष्ट नव्हती. मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र खेळायचो. ओरडल्यावर बाई तिला "शाब्बास" म्हणायच्या, एवढंच. मी आजही उजव्या हाताने लिहिते. सुई मात्र डाव्याच हाताने ओवते.

कथेतल्या मुलीला मी शेवटी छावणीतून का सोडवलं नाही, म्हणून बरेच वाचक नाराज आहेत. मला ते जमलं नाही, ते खोटं वाटलं असतं. पण तिच्या मैत्रिणीसाठी मी शेवटचं पान ठेवलंय. वर्गात नवी मुलगी आलेली असते, फळ्यावरची अक्षरं डावीकडे फराटलेली असतात, आणि बाई विचारतात, "हे कुणी लिहिलं?" मैत्रिणीने पाहिलेलं असतं. ती वहीत डोकं खुपसून बसून राहते.