गार्नर स्टेट पार्क: फ्रिओ नदीकाठी तंबू ठोकायचा असेल तर

टेक्सासच्या उन्हाळ्यात तंबूत राहायचं म्हटलं की बरेच जण लांबूनच हात जोडतात. बरोबरच आहे त्यांचं. पण गार्नरला त्यातून सूट द्यायला हरकत नाही. सॅन अँटोनियोहून पश्चिमेला पावणेदोन-दोन तासांवर, कॉनकॅन गावाजवळ हे पार्क आहे. बाहेर पारा १०० फॅरनहाइटला टेकलेला असताना फ्रिओत गुडघाभर उतरलं की अंगावर काटा येतो. पाणी झऱ्यांचं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. काठाला सायप्रसची थोराड झाडं. त्यांची मुळं पाण्यात उतरलेली असतात आणि पोरं त्यांवर बसून पाय हलवत मासे बघतात.

खरी कसरत जागा मिळवण्याची. रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि जून-जुलैचे शनिवार-रविवार बघता बघता संपतात. रविवार ते गुरुवार जमवता आलं तर बघा. नुसतं दिवसभरासाठी जाणार असाल तरी डे पास आधी काढा, तो ३० दिवस आधीपासून मिळतो. वर्षाचा पासही मिळतो. त्यात गाडीतल्या सगळ्यांचं प्रवेशशुल्क माफ होतं, तंबूच्या जागेचं भाडं मात्र वेगळं.

जागा निवडताना आधी ठरवा, संध्याकाळचा नाच हवा की झोप? दोन्ही एकदम मिळणं कठीण. १९३० च्या दशकात मंदीमुळे बेकार असलेल्या तरुणांना सरकारने कामाला लावलं होतं. चुनखडीचे दगड घडवून त्यांनी इथली मुख्य इमारत उभारली आणि १९४१ मध्ये पार्क खुलं झालं. १९४० च्या दशकापासून उन्हाळ्यातल्या रात्री तिच्या अंगणात ज्यूकबॉक्स वाजतो आणि लोक नाचतात. तिकीट नाही, निवेदक नाही. बूट-हॅटवाले आजोबा नातीला स्वतःच्या पायांवर उभी करून टू-स्टेप शिकवत होते. तिच्या केसांतून अजून नदीचं पाणी निथळत होतं. आमच्यातली मोठी मुलं आधी भिंतीला टेकून ‘हे काय भलतंच’ अशा चेहऱ्याने उभी होती. अर्ध्या तासात नाचाच्या रांगेत घुसली, मग बोलावूनही येईनात. बाहेरून येणाऱ्यांसाठी पार्किंग लवकर भरतं. ‘ओल्ड गार्नर’ भागात तंबू असेल तर चालत जाता येतं. झोप प्यारी असेल तर लांबची जागा घ्या.

पार्कातल्या ओल्ड बाल्डी टेकडीची चढण छोटी पण छातीवर येणारी आहे. काही ठिकाणी हात टेकावे लागतात. सकाळी आठच्या आत वर पोचा. नदीचं वळण वरूनच नीट दिसतं, आणि नंतर दगड तापतात.

नदीत चपला नकोत, मागे पट्टा असलेले पाण्यातले बूट घ्या. बंधाऱ्याजवळ शेवाळ आहे आणि जीवरक्षक नसतात, म्हणून लहानांना लाइफ जॅकेट घालाच. दुष्काळी वर्षात पाणी इतकं खाली जातं की तरंगायची ट्यूब उचलून चालावं लागतं, तेव्हा निघण्यापूर्वी कॉनकॅनच्या नदीपातळी मापकेंद्राचे आकडे ऑनलाइन बघा. उलट टोकही तितकंच खरं. याच डोंगराळ पट्ट्यातल्या ग्वाडालूप नदीला ४ जुलै २०२५ रोजी पहाटे पूर आला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. वरच्या भागात पाऊस असेल तर तंबू काठाला लावू नका, आणि पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका.

खाण्याचं म्हणाल तर गॅसची शेगडी न्या. शेकोटीवर अनेकदा बंदी असते आणि पार्कातली लाकडं गोळा करता येत नाहीत. आम्ही सकाळी कांदेपोहे केले, रात्री खिचडी. रॅकून मात्र पक्के चोर. शेजाऱ्यांच्या आइस बॉक्सचं झाकण एकाने दोन्ही हातांनी उघडलं, पाव काढला आणि टॉर्चच्या उजेडात आमच्याकडे बघत निवांत खाल्ला. खाणं रात्री गाडीतच ठेवा. दारूची बाटली बाहेर काढू नका, नियमात बसत नाही.

वाणसामान आणि पेट्रोल वाटेवरच्या युवाल्डी गावातच घ्या. पुढे मोबाइलचा भरवसा नाही, नकाशा उतरवून ठेवा. नाचगाण्याशी देणंघेणं नसेल तर सरळ नोव्हेंबर गाठा. सायप्रस तेव्हा तांबूस होतात, गर्दी ओसरते आणि जवळच्या लॉस्ट मेपल्स पार्कातली रंगीत झाडंही त्याच फेरीत उरकता येतात. पाण्यात उतरायचं धाडस मात्र तेव्हा ज्याचं त्याने करावं.